शितावरून

ग्रिम्सबी. आठवी ब. मंगळवारचा चौथा तास.
बाहेर सीगल कचऱ्याच्या डब्यावरून भांडतायत,
हीटर असा सुटलाय की फळ्यालाही घाम यावा.

गोष्ट जुनी आहे, अकरा वर्षं शिकवतेय.
पियानो जुळवणारा एक माणूस, हातात चामड्याची पिशवी,
तिन्हीसांजेला माळावरच्या एका घराचं दार ठोठावतो.
बाई दार उघडते. हळू आवाजात म्हणते,
बरं झालं, वेळेवर आलात.
तो आत जातो.
दिवाणखान्यात पियानो नाही.

इथे मी पुस्तकं मिटायला लावते.
बत्तीस पुस्तकं एकदम मिटल्याचा आवाज,
खरं सांगायचं तर मी त्याच्यासाठीच ही गोष्ट घेते.

आता भाकीत करा, म्हणते. पण कुडमुड्या जोशासारखं नको,
पुरावा द्या. बाई काय बोलते, काय करते,
काय करायचं टाळते.
शितावरून भाताची परीक्षा, असं माझी जीभ म्हणायला जाते
आणि अडते. इथे भात पिशवीत येतो,
मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं,
शीत दाबून बघायची कोणावर वेळच येत नाही.
मग सांगते, एक चिप चावा आणि अख्ख्या पुड्याबद्दल बोला.
हे लगेच कळतं. कॅलमला तर भूकच लागते.

कॅलम म्हणतो, चेटकीण. पुरावा: काळा झगा.
ऑगुस्ते म्हणते, चहात विष. तो पितो, ती पीत नाही.
रीसच्या मते पियानो तळघरात आहे
आणि त्याच्या आत मागच्या खेपेचा पियानोवाला.
वर्ग आनंदाने किंचाळतो.
मी फळ्यावर लिहिते: धूर्त, थंड, खुनी.
शेवटच्या पानावर हे तिन्ही शब्द पुसायचे,
हा माझा ठरलेला डाव. अकरा वर्षं कोणी उधळला नाही.

चिठ्ठ्या गोळा करताना केझियाची हातात आली.
एवढ्या उकाड्यात कोट, चेन हनुवटीपर्यंत.
सप्टेंबरपासून तिच्याविषयी माझा एकच शब्द होता: आळशी.

अक्षर वेडंवाकडं, निम्मी स्पेलिंगं चुकलेली:
बाई वाईट नाही. घाबरली आहे.
ती हळू बोलते आणि मध्येच छताकडे बघते.
दार लावताना कडीत बोट धरते, आवाज होऊ नये म्हणून.
वर कोणीतरी झोपलंय.
तिला घरात एक माणूस हवा होता
आणि माणूस बोलवायला काहीतरी कारण लागतं.

शेवटचं पान तिने असं आधीच वाचून टाकलं होतं.
मी "शाबास" म्हणायला तोंड उघडलं, मग पुस्तक उघडलं.
छत आहे. चौथ्या पानावर, दोनदा.
हळू आवाज आहे.
कडीतलं बोट मी शोधत राहिले,
तिसरं पान, चौथं, पुन्हा तिसरं.
बोट गोष्टीत कुठेच नाही.

दुपारी स्टाफरूममध्ये काळजी-नोंदीचा फॉर्म काढला.
वरच ठळक अक्षरांत सूचना:
फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहा. अंदाज नको.
मी, जी सकाळभर पोरांना अंदाज करा म्हणत होते,
पेनाचं टोपण चावत बसले. कोणीतरी चहा आणून ठेवला,
त्याच्यावर साय धरली.

कोट, लिहिलं. चेन हनुवटीपर्यंत.
चिठ्ठी जशीच्या तशी उतरवली, चुकांसकट.
आळशी हा शब्द कुठे लिहिलेला नव्हता,
तरी खोडायला जागा शोधत होते.

मग आठवलं,
तास संपल्यावर सगळ्यांत शेवटी तीच बाहेर पडली,
आणि जाताना दार ओढून घेतलं.
आमचं ते दार, फुगलेल्या लाकडाचं,
बत्तीसातल्या एकतीस जणांच्या हातून धाडकन आपटतं.
मी पाठमोरी होते, फळा पुसत होते,
धूर्त पुसला, थंड पुसला,
आणि दाराचा काहीच आवाज आला नाही.

तेही लिहिलं.